ओलान्झापिन चालू हे अन शुगर वाढली, गोळी बंद करावी का?

अंबाजोगाईकर:
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया हे. ओलान्झापिन चालू झाल्यापासून कानात आवाज येणं थांबलं, झोपतो बी नीट, रानात जायलाय. पण भूक इतकी की जेवून उठला की परत भाकरीच्या टोपल्याकडं, वजन लई वाढलं अन परवा उपाशीपोटी शुगर १३४ निघाली. आई म्हणती गोळ्याच बंद करा, चुलते म्हणतेत चहातली साखर तोडा म्हणजे झालं. काय करावं?

लातूरची_ताई:
गोळी मनानं बंद करू नका दादा!! आजार उलटला तर लई जड जातंय. उपाशीपोटी १२६ च्या वर म्हणजे डायबेटीसच्या रेंजमध्ये, पण एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, परत तपासा अन एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) बी करा. मग दोन्ही रिपोर्ट घेऊन मानसोपचारवाल्या डॉक्टरकडंच जा. माझ्या नणंदेला त्यांनी मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) जोडून दिली अन नंतर हळूहळू अरिपिप्राझोल या दुसऱ्या मानसिक आजाराच्या गोळीवर आणलं. सगळ्यांनाच बदलून जमतं असं नाही म्हणा.

मेडिकलवाला_परभणी:
ताई बरोबर बोलल्या. या आजाराच्या गोळ्यांत ओलान्झापिन अन क्लोझापिननं वजन-शुगर सगळ्यात जास्त वाढती, रिस्पेरिडोन-क्वेटियापिननं मधली, अरिपिप्राझोलनं कमी. ओलान्झापिन मेंदूतले हिस्टामिन अन सेरोटोनिन या रसायनांचे काही रिसेप्टर (निरोप घेणाऱ्या जागा) अडवती, त्यामुळं पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून पोराला खादाड खादाड म्हणून बोलू नका. इन्सुलिनचं काम बी बिघडतं, कधी कधी वजन न वाढता शुगर चढती. खरं तर गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघायचं असतंय, शुगर परत तीन महिन्यांनी. आमच्याकडं कोण करतंय, चिठ्ठी दाखवायची अन पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायच्या.
अन एक, बिडी ओढतो का? धुरानं ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जाती. बिडी एकदम सोडली तर रक्तात गोळीचं प्रमाण वाढतं, डॉक्टरला सांगून सोडायची.

अंबाजोगाईकर:
बिडी नाही, गुटखा हे.

मेडिकलवाला_परभणी:
गुटख्याचं तसं नाही, तो परिणाम धुराचा. सोडवा मात्र. चहाची साखर कमी कराच, पण कोल्ड्रिंक, बिस्कीटपुडे बी घरात आणू नका, समोर असलं की हात जातोच.

लातूरची_ताई:
दादा, लई तहान, सारखी लघवी, उलट्या अन गुंगी असं एकदम दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या.

अंबाजोगाईकर:
सोमवारी नेतो. आईला ही पोस्ट वाचून दाखवली, गोळी देतो म्हणाली पण चुलत्याला कोण समजावणार 😅