सॅटर्नवरचं ‘रेडियंट सिल्व्हरगन’: बॉस मरेनाच, माझं काय चुकायलंय?

लातूरचा_व्हिडिओकॉन

नमस्कार मंडळी. गंजगोलाईजवळ आमच्या काकांचं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. काका गेले, दुकान बंद झालं, पण त्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला २१ इंची व्हिडिओकॉन मी भंगारात दिला नाही. आपल्या चित्तेगावच्या कंपनीचा टीव्ही, रंग अजून जसेच्या तसे आहेत. त्याच्यासाठी दोन वर्षं पैसे साठवून जपानी सेगा सॅटर्न, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं जुनं मशीन घेतलं, आणि मागच्या दिवाळीला ‘रेडियंट सिल्व्हरगन’ची अस्सल डिस्क. ट्रेझर कंपनीचा १९९८ चा जहाज उडवत दुश्मन पाडायचा गेम, सॅटर्नवर फक्त जपानात निघालेला. किंमत कळल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र एक रुपयाही जास्त वाटला नाही.

आता अडचण. गेम स्टेज ३ पासून सुरू होतो, तिथं बरं चाललंय. दिसेल तो दुश्मन मारतो, एक सोडत नाही. जास्त करून होमिंगच (स्वतःहून दुश्मनाच्या मागं जाणारं वेपन) वापरतो, कारण नेम धरावा लागत नाही. पण पाचव्या स्टेजला पोचलो की बॉस, म्हणजे मोठे दुश्मन, मरतच नाहीत. मी गोळ्या चुकवत राहतो, वेळ संपतो, बॉस आपोआप फुटतो आणि हातात काहीच पडत नाही. वेपन शेवटपर्यंत किरकोळच राहतात.

त्यात गेल्या आठवड्यात मशीन चालू केलं तर घड्याळ लावायची स्क्रीन आली. सेव्ह पूर्ण गेलं! सॅटर्न मोडमध्ये (त्यात लेव्हल सेव्ह होतात) वाढवलेल्या वेपनच्या लेव्हल, तीन महिन्यांच्या रात्री, सगळं गेलं. लई वाईट वाटलं. परत पहिल्यापासून तसंच खेळू का माझी पद्धतच चुकायलीय?

गोदाकाठ_नांदेड

भाऊ, सेव्हचं आधी सांगतो. मशीनच्या मागच्या बाजूला एक छोटं झाकण आहे, आत सीआर २०३२ ची गोल बॅटरी असते. सॅटर्नची आतली मेमरी तिच्यावरच जगते. ती संपली की सेव्ह गेलं, परत मिळत नाही. नवी बॅटरी घड्याळवाल्याकडं मिळेल. इथून पुढं बदलताना मशीन चालू ठेवूनच बदला, म्हणजे सेव्ह टिकतं. वर्षातून एकदा बदलून टाकायची, वाट बघायची नाही.

आणि जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं. थेट आपल्या २३० च्या प्लगात तर लावलं नाही ना?

पैठणगेट

तुमची पद्धतच चुकतेय, आणि मीही सुरुवातीला हीच चूक केली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

या गेममध्ये वाटेत वेपन सापडत नाहीत. तीन बटणं, त्यांच्या जोड्या, आणि तिन्ही एकदम दाबली की तलवार: अशी सातही वेपन पहिल्या क्षणापासून तुमच्याकडे असतात. पण ती वाढतात स्कोअरवर. ज्या वेपनने गुण मिळवाल, ते ताकदवान होतं. म्हणजे इथे स्कोअर हीच जहाजाची खुराक आहे, ती कमी पडली की पुढच्या बॉससमोर तुम्ही उपाशी उभे.

आणि खरा स्कोअर येतो चेनमधून. दुश्मन लाल, निळे आणि पिवळे. एकाच रंगाचे तीन मारले की बोनस, पुढचे तीन त्याच रंगाचे मारले की आणखी मोठा बोनस. मध्ये दुसऱ्या रंगाचा एक जरी मेला तरी चेन तुटली. तुम्ही होमिंग धरून ठेवता, ते ज्याला त्याला जाऊन लागतं. म्हणून तुमची चेन बनतच नाही. बॉसचंही तसंच आहे: घाईनं मारण्यापेक्षा त्याचे सगळे भाग आधी फोडा, त्याचा वेगळा बोनस मिळतो.

एकच रंग धरा आणि बाकीच्यांना जाऊ द्या. मारण्यापेक्षा न मारणं अवघड जातं, पण गेमचा जीव तिथेच आहे. तलवारही विसरू नका. गुलाबी गोळ्या तिनं शोषून घेता येतात, दहा झाल्या की मोठा वार करता येतो.

परभणी_जंक्शन

माझ्याकडे सॅटर्न नाही, घ्यायची ऐपतही नाही. मी २०२३ ला आलेलं, कॉम्प्युटरवर चालणारं स्टीमवरचं व्हर्जन खेळतो. ज्यांना डिस्क परवडत नाही त्यांनी मन मारू नये, गेम तोच आहे. स्टेजमध्ये जागोजागी मेरी नावाची कुत्री लपलेली आहेत, तीही शोधा. हितोशी साकिमोतोचं संगीत मात्र हेडफोन लावून ऐका राव, अंगावर काटा येतो.

लातूरचा_व्हिडिओकॉन

गोदाकाठ भाऊ, काळजी नसावी. काकांनी कधीकाळी एका जपानी टेपरेकॉर्डरसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर आहे, २३० चे १०० करणारा. त्याच्यावरच चालवतो. बॅटरी आज बसवली.

पैठणगेट दादा, काल रात्री तुमचं वाचून बसलो. ठरवलं, स्टेज ३ मध्ये फक्त लाल. पहिले पाच-सहा डाव हात ऐकेना, समोर निळं दिसलं की बोट दाबलंच जायचं. मग शेत आठवलं. आम्ही सोयाबीन काढताना मधली तूर उभीच ठेवतो, विळा तिच्या अंगाला लावत नाही. तसंच करत गेलो. निळे-पिवळे शेजारून जात होते, मी जाऊ दिले. व्हल्कन (सरळ गोळ्या मारणारं वेपन) एवढ्या लवकर वाढलेलं मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. पाचव्या स्टेजचा जो बॉस आजवर कधी मेला नव्हता, तो वेळ संपायच्या आत फुटला. रात्रीचे दीड वाजले होते, ओरडता येईना.

आता एक विचारतो: स्प्रेड, ते पसरून मारणारं वेपन, मागं पडलंय. चेन त्याच्यावर कुठं करावी? स्टेज ३ नंतर २ का ४ निवडायची असते, तर २ मध्ये का ४ मध्ये?

पैठणगेट

आधी २ घ्या. तिथं पोचलात की लिहा, मी इथंच आहे.