मदत हवी आहे: झेपेलिनचं पोस्टकार्ड खरं की बनावट?

मंडळी, मला ‘ग्राफ झेपेलिन’ या जुन्या जर्मन हवाई जहाजाने नेलेल्या टपालाचा नाद आहे. जर्मनीत राहणाऱ्या मावसभावाने तिथल्या जुन्या बाजारातून एक कार्ड आणलंय. त्यावर २ मार्कांचं निळं तिकीट, तिकिटाच्या चित्रावर ‘पोलार-फार्ट’ (म्हणजे ध्रुवफेरी) अशी जादा छपाई, फ्रिडरिशहाफेन या जर्मन गावचा टपालशिक्का आणि जुलै १९३१ची तारीख. म्हणजे त्या हवाई जहाजाने आर्क्टिकमधल्या फ्रान्झ जोसेफ बेटांपाशी पाण्यावर उतरून ‘मालिगिन’ या रशियन बर्फफोड्या जहाजाशी टपालाची अदलाबदल केली, ती फेरी!

गडी खूश होता, मीही. पण काल भिंगाखाली बघितलं आणि पोटात गोळा आला. शिक्क्याची काळी रेघ ‘र’च्या पायाशी येते तिथे छपाई शिक्क्याच्या वर बसल्यासारखी वाटते. खऱ्यात आधी छपाई, मग शिक्का असायला हवा ना? १९२८च्या साध्या तिकिटांवर मागाहून अशी अक्षरं उठवणारे बरेच, हे माहीत आहे. मावसभावाला अजून सांगितलं नाहीये, बिचारा हिरमुसेल.

छपाई आणि शिक्का यांपैकी कुठली शाई वर, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? तिरप्या उजेडात धरून पाहिलं, धड कळत नाही. पुण्या-मुंबईत झेपेलिन टपाल तपासून लेखी दाखला देणारं कुणी आहे का, की जर्मनीलाच परत पाठवावं लागेल? तिकीट कार्डावरून सोडवायचा सल्ला मात्र नको.