झोप नाही म्हणून पण टेन्शन येतं
लोक म्हणतात टेन्शन गेलं की झोप आपोआप येते, पण उलटंही असतं ना. झोपेवर संशोधन करणारे मॅथ्यू वॉकर यांच्या टीमने २००७ मध्ये धडधाकट तरुणांना साधारण ३५ तास जागं ठेवून मेंदूचे स्कॅन काढले, तर त्रासदायक फोटो बघताना अमिग्डाला म्हणजे भीती-रागाचा भाग नीट झोप झालेल्यांपेक्षा ६० टक्के जास्त उसळत होता आणि त्याला आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी कनेक्शनच ढिलं. माझा धाकटा दीर ऐरोलीत नाईट शिफ्टला, सकाळी पडदे ओढून आडवा होतो न होतो तोच शेजारी कुकरच्या शिट्ट्या, कुरियरवाल्याची बेल, मग भाजीत मीठ कमी पडलं तरी खेकसतो. स्वभाव कसला, झोपेचं खोबरं झालंय नुसतं! डॉक्टरने थायरॉइड बघितला, शिफ्टचं विचारलंच नाही.