सेनेनमुतच्या थडग्यातील छत: आकाशाचा नकाशा की परंपरेने आलेले चित्र?

निरभ्र: इजिप्तमधील देर अल-बहरी येथील, हत्शेपसुतचा अधिकारी सेनेनमुत याच्या थडग्याच्या (क्रमांक टीटी ३५३) छतावर गुरू, शनी, बुध आणि शुक्र ओळखता येतात, पण मंगळ त्यांच्यात नाही. मंगळ त्या वेळी वक्री होता म्हणून तो वगळला आणि त्यावरून चित्रातील आकाशाची तारीख काढता येते, असा युक्तिवाद वाचनात आला. तो कितपत ग्राह्य धरावा?

ध्रुवमत्स्य: माझ्या मते फारसा नाही. छत स्त्री-फॅरो हत्शेपसुतच्या कारकिर्दीतील, म्हणजे इ.स.पू. पंधराव्या शतकातील आहे. परंतु त्याच्या दक्षिण भागातील डेकनांची, म्हणजे दर दहा दिवसांनी एकेक करून पहाटे उगवणाऱ्या तारकागटांची यादी त्याहून कित्येक शतके जुन्या परंपरेतून आलेली आहे. अशा याद्या मध्य राज्याच्या (इ.स.पू. सुमारे २०००च्या) आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांवरही सापडतात. इजिप्तचे नागरी वर्ष ३६५ दिवसांचे असल्याने दर चार वर्षांनी ते ताऱ्यांच्या तुलनेत एक दिवस सरकत असे, त्यामुळे अशी यादी काही पिढ्यांतच कालबाह्य होते. जुनी यादी जशीच्या तशी उतरवणाऱ्या चित्रकाराने मंगळापुरते मात्र त्या रात्रीचे आकाश पाहिले, हे मला पटत नाही. नंतरच्या काही छतांवर मंगळाचे नाव येते आणि तो मागे जातो असेही लिहिलेले असते. म्हणजे वक्रगती ठाऊक होती, पण ती नोंद त्या ग्रहाचे कायमचे वर्णन आहे, एखाद्या रात्रीचे निरीक्षण नव्हे.

रातवा: सहमत. उत्तर भागात आपले सप्तर्षी बैलाच्या रूपात असून शेजारी पाणघोडीची आकृती आहे. पण कोणत्या आकृतीत नेमके कोणते तारे मोडतात यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, मग त्यांची स्थाने मोजून निष्कर्ष काढणे धाडसाचेच. कर्नाक येथील मंदिरात सापडलेल्या, फॅरो तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातील जलघटिकेवरही हाच आराखडा जवळपास तसाच आहे.

निरभ्र: आभारी आहे. मग प्रत्यक्ष निरीक्षणाच्या जवळ जाणारे असे थडग्यांत काहीच नाही का?

ध्रुवमत्स्य: आहे. सहावा, सातवा आणि नववा रामसेस या फॅरोंच्या थडग्यांतील तारका-घटिका पाहाव्यात. बसलेल्या माणसाच्या आकृतीमागे उभ्या-आडव्या रेषा आखून रात्रीच्या प्रत्येक तासाला कोणता तारा त्याच्या डोक्यावर, कानाशी वा खांद्याशी येतो, हे वर्षभरासाठी २४ तक्त्यांत, दर पंधरवड्याला एक याप्रमाणे, मांडले आहे. हे तक्तेही रामसेसांच्या आधीच्या काळातील नोंदींवर बेतलेले मानले जातात. तरी त्यांमागे कोणीतरी रात्रभर आकाशाकडे पाहत बसले होते, एवढे निश्चित दिसते.