मदत हवी आहे: खोल पाण्यात जिगिंगला पीई ३ की पीई ४ जाडीची दोरी?
नमस्कार मंडळी. देवगडहून बोटीने बाहेर, ६०-७० मीटर पाण्यात २०० ग्रॅमची जिग (धातूचं जड आमिष) मारायची आहे, म्हणजे खाली सोडून झटके देत वर घ्यायची. पकडायचे आहेत तांबोशी आणि हेकरू हे मासे. तंगुसाची (नायलॉनची एकेरी) दोरी नको. ती ताणली जाते आणि एवढ्या खोलीवर हाताचा झटका जिगपर्यंत पोचतच नाही. ब्रेडच (विणलेली दोरी) घेणार, दर १० मीटरला रंग बदलणारी, म्हणजे किती सुटली ते कळतं.

अडलंय जाडीवर (पीईचा आकडा मोठा तितकी दोरी जाड). पीई ३ बारीक, करंटमध्ये कमी वाहते, जिग सरळ खाली उतरते. पण हेकरू लागला की थेट खडपात घुसतो, तिथे पीई ४ चाच भरवसा वाटतो. रील ८००० साइजची आहे, ३०० मीटर तरी मावली पाहिजे. आठ पदरी घ्यावी की चार पदरी? फ्लोरोकार्बन लीडर (ब्रेड आणि जिगच्या मधला दोरीचा तुकडा) ६० पौंडी पुरेल का? आपल्या किनाऱ्यावर वापरलेल्यांनी कृपया सांगा.