व्हिडिओ कॉलवरून नर्व्ह ब्लॉक शिकायचे आहेत: जोडणी आणि सुरुवात कशी करावी? (सोलापूर)

होटगी_रोड: छोट्या ऑर्थो रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांसाठी विचारतेय. पुण्याचे एक वरिष्ठ कॉलवरून सोनोग्राफी-गायडेड ब्लॉक (पडद्यावर बघत मज्जातंतूजवळ भुलीचं औषध सोडणं) शिकवायला तयार आहेत. मशीनला लिनियर प्रोब आणि एचडीएमआय आउटपुट आहे. मोबाइल पडद्यासमोर धरला तर भागेल का? सुरुवात सुप्राक्लॅव्हिक्युलरने (गळपट्टीच्या हाडावरच्या ब्लॉकने) करावी का?

गेज_२२: नाही, दोन्हीला.

पडद्यावर चकाकी येते आणि नीडलची बारीक रेघ नेमकी तिथेच हरवते. एचडीएमआयला यूएसबी कॅप्चर कार्ड लावा, ते लॅपटॉपला जोडा आणि कॉलमध्ये कॅमेरा म्हणून तेच निवडा. मोबाइल वेगळ्या स्टँडवर, प्रोब आणि दोन्ही हात दिसतील असा. नीडल दिसेना झाली की बहुधा ती प्रोबच्या रेषेतून सरकलेली असते. सरांना ते हात पाहूनच कळतं. ओटीत वायफायवर विसंबू नका, लॅन केबल ओढा. ॲपमधलं नॉइज सप्रेशन बंद ठेवा, नाहीतर ते पल्स ऑक्सिमीटरचा बीपच गिळतं.

खरी अडचण उशिराची. तिकडून आलेलं "थांबा" क्षणभर मागे असतं, तोवर टोक पुढे गेलेलं. म्हणून परवानगी पुढे जायला घ्यायची, थांबायला नाही. टोक दिसेना की हात आपणहून थांबला पाहिजे. कॉल तुटला तरी तेच. औषध किती जोराने ढकलावं लागतंय हे तर कॉलवर दिसतच नाही, तेव्हा सिरिंज दाबणाऱ्याने मोठ्याने बोलावं: "ॲस्पिरेशनला (सिरिंज मागे ओढल्यावर) रक्त नाही, १ मिली दिलं, सहज जातंय." औषध गेलं पण पडद्यावर पसरताना दिसलं नाही, तर टोक भलतीकडे आहे, कदाचित रक्तवाहिनीत. तिथेच थांबा.

सुप्राक्लॅव्हिक्युलरमध्ये प्ल्यूरा (फुप्फुसाचं आवरण) हाकेच्या अंतरावर. आधी फिमोरल (जांघ), ॲडक्टर कॅनाल (मांडी), ॲक्झिलरी (काख). 'प्लॅन ए' म्हणून ज्या सात ब्लॉकची यादी शिकवतात, तिच्यात हे तिन्ही आहेत, सुप्राक्लॅव्हिक्युलर नाही.

ड्रिपस्टँड: त्याआधी जिलेटिनवर हात बसवा. अर्धा लिटर गरम पाणी, ५० ग्रॅम बिनचवीचं जिलेटिन, चमचाभर इसबगोल (त्यानेच पडद्यावर मांसासारखा करडेपणा येतो), मध्ये दोन्ही टोकं बंद केलेली सलाइन भरलेली ट्यूब. सोलापूरच्या मे महिन्यात ते तासाभरात पाघळतं, फ्रीजमधून काढलं की लगेच वापरा. सलग दहा वेळा टोक न हरवता ट्यूबशेजारी पोचता आलं, की मग कॉल.

ओटीत २० टक्के लिपिड इमल्शन (भुलीचं औषध रक्तात जाऊन विषबाधा झाली तर द्यायचा उतारा) असल्याशिवाय ब्लॉक नको. ६० किलोच्या रुग्णाला बुपिव्हाकेन (ब्लॉकचं भुलीचं औषध) २ मिग्रॅ प्रति किलो धरलं तर १२० मिग्रॅ, म्हणजे ०.५ टक्क्याचं २४ मिली. टॉक्सिसिटी (ही विषबाधा) झालीच तर लिपिड १.५ मिली प्रति किलो, म्हणजे ९० मिली, २-३ मिनिटांत. मग मिनिटाला १५ मिली. प्रोपोफॉलही (झोपेचं भुलीचं औषध) पांढरंच दिसतं, पण ते याला पर्याय नाही, उलट हृदयाचं काम आणखी मंदावतं.

फॉर्म_बी: मशीन फक्त ब्लॉकसाठी असलं तरी पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी लागतेच. खिशात मावणारे प्रोबही त्यात येतात. शहरात असाल तर महापालिकेच्या आरोग्य विभागात चौकशी करा. दुसऱ्या रुग्णालयातून "दोन दिवसांसाठी" मशीन आणणं म्हणजे आ बैल मुझे मार. आणि कॉल लावण्याआधी पडद्यावरचं रुग्णाचं नाव काढा, संमतीपत्रात बाहेरचे डॉक्टर पाहणार असल्याचं लिहा.

होटगी_रोड: शेजारच्या ओटीतल्या जुन्या मशीनला फक्त व्हीजीए आहे. तिथे?

गेज_२२: व्हीजीए-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर, यूएसबीवर चालणारा. चित्र थोडं मऊ येतं. डेप्थ (पडद्यावर दिसणारी खोली) ३-४ सेंमीवर आणा, नीडल पुन्हा ठळक दिसेल.