मुलगा तिसरीत, वाचन अडतंय. नाशिकमध्ये सर्टिफिकेट कुठून काढायचं?

सिडकोची_आई:
मुलगा महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे, साडेआठ वर्षांचा. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी थांबते. बाई म्हणाल्या, तपासून घ्या, सर्टिफिकेट मिळालं तर शाळेत वेगळी मदत मिळते. खर्च दोन हजारांच्या आत बसवायचाय. कुणाला अनुभव?

गंगापूररोड_बाबा:
आम्ही मुलीची पूर्ण टेस्ट खासगीत केली. बारा हजार गेले, पण रंगीत, बाइंड केलेला रिपोर्ट हातात. मुलांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

लेखनिक_हवा:
बाबा, त्यांनी दोन हजार लिहिलंय. आणि आमचा रंगीत रिपोर्ट दहावीच्या सवलतीला चालला नाही, सरकारी प्रमाणपत्रच आणा म्हणाले. ताई, सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज भरा आणि सिव्हिलला जा. सोबत आधार आणि फोटो ठेवा.

पंचवटीकर:
प्रबोधिनीत विचारा. रजनीताई लिमयेंनी १९७७ साली सुरू केलेली संस्था. माझा भाचा तिथंच शिकला, आज स्वतःच्या पायावर उभा आहे.

लेखनिक_हवा:
काका, ते काम बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी आहे. ताईंच्या मुलाचं लक्षण अध्ययन अक्षमतेचं (लर्निंग डिसॅबिलिटी) वाटतं, म्हणजे बुद्धी ठीक पण वाचन-लेखन अडतं. त्यात आधी बुद्ध्यांक काढतात आणि तो ८५ च्या वर आला तरच पुढच्या चाचण्या.

पंचवटीकर:
विचारा म्हटलं, घाला नाही म्हटलं.

ओहायोचा_मामा:
इकडे अमेरिकेत बहिणीनं मुलीसाठी शाळेला फक्त एक पत्र दिलं. तपासणी शाळेच्या खर्चानं. १९७५ पासून कायदाच आहे. अपंगत्वाचे १३ प्रकार, त्यातल्या एकात मूल बसायला हवं, शिवाय त्यामुळे शिक्षण अडतंय आणि वेगळं शिकवायची गरज आहे हेही दिसायला हवं. नुसती डॉक्टरची चिठ्ठी नेऊन भागत नाही. अपंगत्व किती टक्के वगैरे भानगड नाही.

मिसळवाला:
मामा, तिकीट कधी पाठवताय? पाव इकडून आणतो.

फिरती_बाई:
मी विशेष शिक्षिका, सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या कामात शाळा फिरते. इथं दोन गोष्टींची गल्लत होतेय. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग कायद्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे ती कलम ३१ च्या मोफत शिक्षणाला (वय ६ ते १८) आणि पुढे आरक्षणाला. मुलाला वर्गातच त्याच्या गरजेप्रमाणे शिकवणं हे कलम १६ मध्ये येतं, तिथं ४० टक्के लिहिलेले नाहीत. तेव्हा मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, विशेष शिक्षकांकडून तपासणी मागा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं जूनमध्ये कुणाला आठवत नाही. डोळे आणि कान आधी तपासा, कारण डॉक्टरही सुरुवात तिथूनच करतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही. तुमचा बसतो. पण १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी असते.

लेखनिक_हवा:
हेच म्हणत होतो. शिवाय ४० टक्क्यांच्या खाली असलं तरी लेखनिक नाकारता येत नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, सर्वोच्च न्यायालय, २०२१. जादा वेळ तासाला २० मिनिटं.

नाशिकरोडचे_आजोबा:
कशाला शिक्का मारून घेता? आमच्या वेळी छडीनं जोडाक्षरं यायची. पुढे लग्नाला अडचण.

मिसळवाला:
आजोबा, पोरगं तिसरीत आहे.

गंगापूररोड_बाबा:
थोडक्यात, डोळे-कान तपासा आणि सिव्हिलला जा. रिपोर्ट मात्र खासगीचाच चांगला.

सिडकोची_आई:
सगळ्यांचे आभार. घरी बोलले. या आठवड्यात डोळे-कान तपासून घेते आणि शाळेत अर्ज देते. सर्टिफिकेट आत्ता नाही काढणार. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी आहेच आणि दहावीला अजून सात वर्षं आहेत.

फिरती_बाई:
ताई, इतकं लांबवू नका. नववीत धावपळ करणारे पालक दरवर्षी बघते. शिवाय लहानपणापासूनची नोंद असलेली बरी.

लेखनिक_हवा:
काढून ठेवा हो. फुकट आहे.

सिडकोची_आई:
बघू. शाळा काय करते ते आधी कळू दे. अर्जाचा नमुना असला तर टाका.

गंगापूररोड_बाबा:
नमुना मी पाठवतो. त्या टेस्टवाल्यांचा पत्ताही टाकतो सोबत.